चहात रंगवलेलं अंग

९ जानेवारी १९७४, सोलापूर

बोर्ड लागला! होम मैदानात शिरलं की पाळण्याच्याही आधी तोच दिसतो. ती मी आहे म्हणे. निळे डोळे, पिवळे केस, दुधासारखं अंग आणि अंगावर दोन रुमालांच्या वर कापड नाही. खाली लिहिलंय – 'मिस डायना! बघाल तर बघतच राहाल!' पेंटर आधी मला विचारायला आला होता, "बाई, जरा समोर हुब्या ऱ्हाता का?" मी म्हटलं, उभी राहून काय उपयोग बाबा, तू काढायचं तेच काढणार. तेच काढलं.

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू झाली. दिवसभर भोंग्यावर डायना, डायना ऐकून डोकं उठतं. म्हणून ही वही. इथे तरी राजाबाई असू दे.

१० जानेवारी

सकाळीच सावित्रम्मा आल्या. माझं कापड नवं करायला झालं होतं. या बाईंच्या घरात दोन माग आहेत, नवरा चादरी विणतो आणि या आमची अंगं शिवतात! खरंच अंगं. बनियनचं पातळ कापड आणायचं, चहाच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकून उकळायचं, वाळलं की गळ्यापासून घोट्यापर्यंत घट्ट शिवायचं. वरून ते चमकीचे दोन तुकडे. गुलाबी कागद लावलेल्या दिव्याखाली लोकांना वाटतं बाई तशीच उभी आहे. पोटावर काजळाने बेंबीसुद्धा काढतात. मागच्या वर्षी एकदा घाईत दोन बोटं वर काढली होती. कुणालाही कळलं नाही!

गंमत म्हणजे कापड माझ्यापेक्षा गोरं. मी आपली काळीसावळी. म्हणून तोंडाला, हाताला पावडर थापून कापडाशी रंग जुळवायचा. आधी कापड, मग मी.

मालकांचा कायदाच आहे – कापडाशिवाय एकाही पोरीने स्टेजवर पाय ठेवायचा नाही. मानसिंगराव दारू पितात, शिव्या देतात, पण हा कायदा कधी मोडू दिला नाही. आणि ही गोष्ट तंबूबाहेर बोलायची नाही, हा दुसरा कायदा.

माझ्याबरोबर नाचणारी केरा आणि मी एका मापाच्या. सावित्रम्मा एकाच कागदावर दोघींचं बेततात. "तुमी दोगी म्हंजे एक पोरगी की," म्हणतात.

११ जानेवारी

गावाकडून निरोप. वच्छीची सुपारी फुटली! येडूमामांचा थोरला. घर चांगलं, मेंढरं आहेत, विहिरीला पाणी आहे, पोरगा चिंचोळीकडे कामाच्या शोधात आहे म्हणे. धाकटी बहीण माझी! मी कंपनीत आले तेव्हा परकराचा नाडा बांधता येत नव्हता तिला.

केराला पेढा दिला. तिने माझ्या गालावर हात फिरवला आणि हाताची सगळी पावडर मला लागली.

१४ जानेवारी

जत्रेतल्या अक्षता आज. देवाच्या उंच काठ्यांची मिरवणूक बघायला सगळं सोलापूर बाहेर. मी डोक्यावरून पदर घेऊन गर्दीत जाऊन आले, कुणी ओळखलं नाही. कसं ओळखणार! एक बाप्या दुसऱ्याला सांगत होता, "डायना बगितली का? काय गोरी हाय राव!" मी त्याच्या कोपराला कोपर लावून उभी होते.

तंबूला जागा नाही. घाम असा की कापड पिळून काढावं लागतं. पाठीला घामोळं, थंडीत!

१७ जानेवारी

धाड पडली.

संध्याकाळचा खेळ. माझा नंबर संपत आला होता. एकदम दिवे लागले, रेकॉर्ड थांबली, शिट्ट्या बंद. फौजदार, चार शिपाई, आणि बरोबर कसल्याशा समितीचे लोक. पुढे शरणप्पा. मंगळवार पेठेत याचं कापडाचं दुकान आहे, मी स्वतः तिथून परकराचं कापड घेतलंय. "अश्लील! अश्लील!" असं ओरडत होता. पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत बघितलं आणि मग ओरडला!

फौजदार भला माणूस. आम्हाला बघून त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "बाई, आधी शाल घ्या अंगावर." मान खाली ठेवूनच नावं लिहून घेतली. त्याने एकदा वर बघितलं असतं तर खटलाच झाला नसता.

मला नाव विचारलं. मी सांगितलं – राजाबाई, गाव अमुक, तालुका मंगळवेढे. केराने कपाळावर हात मारला. "अगं येडे, पोलिसाला खरं नाव सांगत्यात का कुनी?" मला सुचलंच नाही. माझं नाव कुणी विचारलंय किती वर्षांत!

१९ जानेवारी

पेपरात आलं. 'गड्ड्यात नग्न नृत्य.' माझं नाव, गावासकट. मालकांनी पेपर चुरगळून चुलीत टाकला. पण तंबू भरला, रोजच्यापेक्षा जास्त भरला.

गावात पेपर जातो. चावडीवर एक वाचतो आणि सगळे ऐकतात.

२१ जानेवारी

आई आली. एकटी, एस.टी.ने. एरवी आली की तिला मी दिसते ती अशी – तंबूमागे चूल, दोरीवर कपडे, केरा डोकं धूत बसलेली. पण ती आधी पुढून आली. बोर्डाखाली उभी राहिली. कुणीतरी सांगितलं असणार, हीच ती. मी धावत गेले तर ती वर बघून त्या माणसाला ठणकावत होती, "ही न्हाय माजी! हिचं डोळं निळं हायत!"

मला हसू आलं आणि मग काय झालं कुणास ठाऊक, तिथेच रडले.

आत आणलं. पाणी प्यायली नाही. आधी बोलली. येडूमामांचा निरोप – "थोरलीनं भंडारा मोडला आसंल तर धाकटी आमच्या उंबऱ्यात येनार न्हाय."

मोडला असेल तर. तो भंडारा मीच उचलला होता, देवाची हळद हातात घेऊन शपथ. कंपनीत यायच्या आधी बिरोबाच्या देवळात, आईच्या पुढ्यात, भावकीच्या पुढ्यात. नाचीन, पण पोट, पाठ, मांडी परक्याला दिसू देणार नाही. आमच्यात भंडारा उचलला की विषय संपला. खोटा उचलणाऱ्याच्या घरात कुणी पाणी पीत नाही.

मी पेटीतून कापड काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. दुसऱ्या कायद्याची पर्वा केली नाही. आई आहे ती.

तिने उलटंसुलटं केलं. हात घालून बघितला. बेंबीच्या काजळावर बोट फिरवलं. नाकाला लावलं. "च्याचा वास येतोय की गं!" मग म्हणाली, "ह्येच घालून? समदीकडनं?" मी म्हटलं, समदीकडनं. तेव्हा तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली.

"मग सांग की समद्यास्नी!"

एवढं सोपं!

२२ जानेवारी

कोर्टाची तारीख परवा. वकिलाने शिकवलंय – 'गुन्हा कबूल' म्हणायचं, दंड मालक भरणार, पाच मिनिटांत बाहेर. दर वर्षी कुठल्या तरी गावात असंच होतं म्हणे.

मी मालकांना सांगितलं, मी कबूल म्हणणार नाही. कापड दाखवणार.

वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. खुर्चीवरून उठून माझ्यासमोर जमिनीवर बसले. "राजे, लोक तिकीट कशाचं काढतात? अंगाचं. कापडच बघायचं तर सोलापुरात मिली काय कमी हायत? तू तिथं कापड दाखवलंस की तंबू उतरला म्हणून समज. जादूगार, नकल्या, ढोलकीवाला, केरा, समदे."

मी म्हटलं, माझी बहीण?

"तिला दुसरं स्थळ मिळंल की. मी बघतो."

रागाने माझे कान तापले. दुसरं स्थळ! भंडारा मोडलेल्या घराला? आमच्या बारा वाड्यांत? हा माणूस पंचवीस वर्षं गावोगाव फिरला आणि याला गाव कळलं नाही. पण खोटं कशाला लिहू – त्यांनी ढोलकीवाल्याचं नाव घेतलं तेव्हा वाटलं, कबूल म्हणून टाकावं. केराचं घेतलं तेव्हा जास्त. तिची मुलगी वसतिगृहात आहे, तिथे केराला सगळे 'नर्सबाई' समजतात.

आई तंबूमागे बसून राहिलीय. तिला आमची भाकरी आवडत नाही, स्वतः थापते. आज नकल्याला चार जास्त दिल्या.

२३ जानेवारी

कपड्यांच्या पेटीला कुलूप! किल्ली मालकांकडे. आज खेळही बंद ठेवले, 'कोर्ट आहे' म्हणून. माझं कापड आत.

मी पेटीला लाथ घातली. अंगठा सुजला. मूर्ख बाई.

सावित्रम्मांकडे धावले. "अय्यो, एका दिवसात? कापड वाळायलाच दोन दिवस लागतात अम्मा." खरंच आहे.

परत आले तर केरा दोरीखाली उभी. तिचं कापड काल धुतलेलं, म्हणून पेटीत गेलंच नव्हतं. काढलं, झटकलं, चौघडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

"घे. एकाच मापाच्या हाय आपन."

मी म्हटलं, केरा, मालक म्हणतात ते खरं झालं तर?

"व्हय, झालं तर झालं. खऱ्याला भ्याचं व्हय आता? माज्या पोरीला कुनी इचारलं तर मलाबी कवा तरी सांगाया येईल – दाखीवलं हुतं म्हनून, भर कोर्टात." मग हसली. "बेंबी तेवडी नीट काड. कालच्या धुन्यात गेली."

काजळ घेऊन आम्ही दोघींनी मिळून बेंबी काढली. आई बघत होती. "शिवशिव," म्हणाली, पण हसत होती.

२४ जानेवारी

सुटले! सुटले! सुटले!

आता सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

कोर्ट खचाखच. अर्धे तर आमचेच गिऱ्हाईक. आई मागच्या बाकावर, डोक्यावर पदर, मुठीत भंडाऱ्याची पुडी. शरणप्पा पिंजऱ्यात उभा राहिला. छाती काढून. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अंगावर कापड नव्हतं." मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, नक्की? "नक्की! पोट, पाठ, सगळं. बेंबीसुद्धा दिसत होती."

मग मला विचारलं, गुन्हा कबूल? मालकांचा वकील मान हलवत होता. मी म्हटलं, नाही. माझा आवाज असा चिरका निघाला की मलाच ओळखू आला नाही. पिशवीतून कापड काढलं आणि टेबलावर पसरलं.

कुणालाच कळेना काय आहे. हातपाय असलेलं काहीतरी. मी म्हटलं, साहेब, हे अंगात घालून आम्ही नाचतो. गळ्यापासून घोट्यापर्यंत. यांनी जे पोट बघितलं ते हे. आणि बेंबी ही.

हशा असा झाला की शिपायाला काठी आपटावी लागली. साहेब स्वतः रुमाल तोंडाला लावून खोकले. मग शरणप्पाला म्हणाले, "जरा बघा हो, तुमचाच धंदा आहे." तो नको नको म्हणत होता. पण कापड समोर आलं आणि जन्माची सवय! बोटं आपोआप पुढे आली. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं, उजेडाला धरलं, वास घेतला. आणि तोंडातून निघून गेलं, "बनियनचं आहे. चहात रंगवलंय." मग लक्षात आलं, आणि बिचारा खालीच बसला.

सरकारी वकिलाने एक प्रश्न काढला – हे कापड आत्ताच शिवून आणलं नाही कशावरून? साहेबांनी कापड उलटं करून काखेतले ठिगळाचे टाके दाखवले, घामाने पिवळे पडलेले. केराची काख! मी मनात म्हटलं, केरे, तुझ्या घामाने वाचवलं.

निर्दोष. कापड मात्र मुद्देमाल म्हणून तिथेच ठेवलं. नंतर अर्ज करून घेऊन जा म्हणाले.

बाहेर आईने सगळ्या लोकांसमोर माझ्या कपाळाला भंडारा लावला. मालक गाडीतळावर एकटे बिडी ओढत उभे होते. माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. त्यांनी रागावायला हवं होतं.

२५ जानेवारी

पेपरात पुन्हा. 'नर्तकीची बेंबी काजळाची!' सगळा गड्डा हसतोय.

खेळ सुरू. पेटीचं कुलूप काढलं, आता लपवायचं काय! केराला दुसरं कापड होईपर्यंत तिचे नंबर बंद, मी एकटीच. स्टेजवर गेले. दिवे गुलाबी झाले. आणि शिट्टीऐवजी ओरडा – "कापड! कापड!" टाळीच्या ठेक्यात. मी नाचत राहिले. मग कुणीतरी एक जुनं बनियन गोल करून फेकलं. माझ्या पायाशी पडलं. तंबू हसून लोळला.

मी नंबर पुरा केला. अर्धवट सोडून येणाऱ्यातली मी नाही.

२७ जानेवारी

गावी. बिरोबाचं देऊळ, भावकी, येडूमामा. ते म्हणाले, "कोर्टाचं आमाला नगं. द्येवाम्होरं बोल." मी भंडारा उचलला – मोडला नाही, मोडणार नाही. येडूमामांनी माझ्या हातून पाणी प्यायलं.

लग्न ठरल्याप्रमाणे! वच्छी गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "आक्का, मला बी दावशील का ती बेंबी?" द्वाड!

१ फेब्रुवारी

सोलापूर. तंबू रिकामा. पुढच्या दोन रांगा आणि त्याही फुकट्यांच्या. मालकांनी मैदान आणखी काही दिवस ठेवलंय, गर्दी वळेल म्हणून. जादूगार काल निघून गेला. मोळीवाल्या बायकासुद्धा बोर्डाकडे बघून हसतात. पेंटरने डायनाच्या डोळ्यांना आणखी निळा दिला. काय उपयोग!

सावित्रम्मा केराचं नवं कापड बेतायला आल्या होत्या. केरा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्ताच." मला वाटलं, खर्च नको म्हणून म्हणाली. मीही म्हटलं, वच्छीच्या लग्नावरून मी येईपर्यंत तुझं कोर्टातलं कापड सुटेल.

माझ्याशी कुणी वाईट बोलत नाही. ढोलकीवाला 'ताई' म्हणतो. सगळ्यात तेच टोचतं.

४ फेब्रुवारी

उद्या लग्नाला निघते. माझा नंबर केरा करणार. मी म्हटलं, माझं कापड घाल, पेटीत वर ठेवलंय. "व्हय व्हय, जा तू. वच्छीला माजा आशीर्वाद सांग." तिने स्वतःची हिरवी बांगडी काढून वच्छीसाठी दिली.

मालक बिडी विझवून म्हणाले, "नीट जा, राजे." एवढंच.

८ फेब्रुवारी

लग्न लागलं! हलग्या, भंडारा, सगळं गाव पिवळं. अक्षता टाकताना मी वच्छीच्या मागेच उभी होते. उभी होते! लांबून, झाडाआडून नव्हे. येडूमामांनी पहिल्या पंगतीत बसवलं. आई दिवसभर एकच वाक्य सांगत फिरत होती, "कोर्टात दावलं माज्या पोरीनं!" चार जणींनी मला बाजूला घेऊन कापडाचं विचारलं. मी सगळं सांगितलं.

एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

आधी कोर्टात गेले, अर्ज दिला, केराचं कापड सोडवलं. सावित्रम्मांच्या घरी धुतलं, वाळवलं, घडी केली. हातात धरून मैदानात आले तर तंबूबाहेर रांग! ही रांग मला पाळण्यापर्यंत दिसत होती. मालक तिकिटाच्या खिडकीत होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

केरा तंबूमागे पाय धूत बसली होती. दोरीवर काहीच वाळत नव्हतं. मी पेटी उघडली. माझं कापड जसं ठेवून गेले होते तसंच वर होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती.

मी म्हटलं, केरा, तू काय घालून जातेस?

"काय न्हाय. मालकानं सांगिटलं न्हाय, मीच. तंबू उटला असता तर जायचं कुटं गं?"

मी तिचं कापड पुढे केलं. तिने ते मांडीवर घेतलं, काखेतले टाके चाचपले आणि मला परत दिलं.

"पैल्या दिशी तशीच उगडी गेले तर काय वरडले ठावं हाय का? म्हनले, कापड काड!"

१३ फेब्रुवारी

अजून तेच ओरडतात.